पांढऱ्या गाडीवरचे तांबूस ठिपके

मे महिना लागला की कोकणातल्या मोहल्ल्यांत अंगणातल्या गाड्यांवरची कव्हरं निघतात. कुवेत, कतार, दुबई, बहरीनहून मुलं सुट्टीवर आलेली असतात. कुणाचा निकाह ठरलेला असतो, कुणाचा वलीमा, कुणाला बायकोला घेऊन सासुरवाडीला जायचं असतं. गाडी मुलाच्या कमाईची, पण वर्षाचे अकरा महिने ती अब्बांच्या ताब्यात. अब्बा ती काढतात बाजाराला, दवाखान्याला आणि फार तर जुम्म्याला. बाकी दिवस ती आंब्याखाली, नाहीतर रस्त्याकडेच्या गडग्याला लागून उभी. मुलगा पहिल्याच दिवशी हौसेने ती दोनदा शाम्पूने धुतो, पुसतो आणि बॉनेटवरून हात फिरवतो. हाताला रवा लागल्यासारखं वाटतं. गाडी पांढरी असेल तर उन्हात नीट पाहिल्यावर दारांच्या खालच्या बाजूला आणि डिकीवर बारीक तांबूस ठिपके दिसतात, तिखटाची बोटं झटकल्यासारखे.

मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो पत्रा गंजला, आता फुल बॉडी रंग काढा. दुसरा रॉकेलचा बोळा सुचवतो, तिसरा टूथपेस्ट, आणि चौथा भांड्यांची हिरवी घासणी घेऊन स्वतःच पुढे होतो. गाडीचा रंग बिघडतो तो बऱ्याचदा या चौथ्या माणसामुळे, ठिपक्यांमुळे नव्हे.

अलीकडे या सल्ल्यांत आणखी एकाची भर पडली आहे : ‘क्ले बार’ मारा. दुकानात छोट्या डबीत मिळणारी, मुलांच्या खेळातल्या रंगीत मातीसारखी दिसणारी ही वडी काही वाचकांनी आणली, वापरली आणि आम्हाला विचारलं की हे खरंच कामाचं आहे की नुसता देखावा. एका भगिनीने लिहिलं की त्यांच्या भावाने ती वापरल्यावर काळ्या गाडीवर सगळीकडे धुरकट रेघा उठल्या. म्हणून आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका वॉशिंग सेंटरवर दोन दिवस बसलो. ते चालवणाऱ्या चाचांनी आखातात अठरा वर्षं गाड्यांच्या रंगकामात काढली आहेत. नाव छापू नका म्हणाले. “नाव छापलंत तर सगळा तालुका फुकट सल्ला घ्यायला येईल.” त्यांच्या हाताखालची दोन मुलं त्यांना उस्ताद म्हणतात, आम्ही चाचाच म्हणू.

गंज आहे, पण गाडीचा नाही

आम्ही पोहोचलो तेव्हा उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी त्यांची पांढरी गाडी घेऊन आले होते. गाडी विकायची होती. मुलीला फार्मसीला प्रवेश मिळाला होता आणि पहिल्या वर्षाची फी भरायची होती. गिऱ्हाईक ठरलं होतं, पण त्याने हे तांबूस ठिपके पाहिले आणि ‘पत्रा सडलाय’ म्हणून ठरलेल्या किमतीतून चाळीस हजार कमी करायला सांगितलं. तालुक्याच्या एका गॅरेजवाल्याने गुरुजींना पूर्ण गाडी रंगवण्याचा खर्च सांगितला, तोही जवळपास तेवढाच. गुरुजींना प्रश्न पडला होता की विहिरीत पडायचं की आडात.

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला, एका ठिपक्यावर नख फिरवलं आणि म्हणाले, “गुरुजी, गंज आहे खरा. पण तुमच्या गाडीचा नाही, दुसऱ्यांच्या ब्रेकचा आहे.”

हे समजून घेण्यासारखं आहे. गाडीची ब्रेक डिस्क बिडाच्या लोखंडाची असते. ब्रेक दाबला की डिस्क आणि पॅड एकमेकांवर घासतात आणि लोखंडाचे डोळ्यांना न दिसणारे गरम कण हवेत उडतात. कशेडी किंवा परशुराम घाट उतरणाऱ्या ट्रकांच्या मागे आपण मैलभर चाललो तर ते सगळे आपल्या गाडीवर बसतात. आपल्याच पुढच्या चाकांचे कण आपल्याच दारांच्या खालच्या भागावर बसतात, म्हणून ठिपके तिथे जास्त. रेल्वेचं चाक आणि रूळ घासूनही असेच कण उडतात, त्यामुळे स्टेशनाबाहेर रोज गाडी लावणाऱ्या, कुर्ला-ठाण्याच्या रुळालगत राहणाऱ्या लोकांच्या गाड्यांवर ते हमखास सापडतात. हे कण रंगाच्या वरच्या थरात रुततात. पहिल्या पावसात, कोकणातल्या खाऱ्या हवेत ते गंजतात, आणि प्रत्येक कणाभोवती तांबूस वर्तुळ उठतं. खालचा पत्रा अनेकदा पूर्ण शाबूत असतो. काळ्या किंवा लाल गाडीवरही ते असतात, फक्त दिसत नाहीत.

लोखंडाखेरीज इतर मंडळीही असतात. महामार्गाच्या रुंदीकरणाने डांबराचे शिंतोडे आणि सिमेंटची धूळ घरोघरच्या गाड्यांवर पोहोचवली आहे. शेजारच्या इमारतीला किंवा गेटला स्प्रेने रंग देताना उडालेले थेंब असतात. देशावर साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की चिमणीतली काळी राख बसते. आणि आपला आंबा! मोहोर आला की तुडतुडे येतात, ते मोहोराचा रस शोषतात आणि मधासारखा चिकट द्रव खाली सोडतात. झाडाखाली उभ्या गाडीच्या टपावर त्याचा थर बसतो आणि पुढे त्यावर काळी बुरशी वाढते. सावलीसाठी गाडी आंब्याखाली लावणाऱ्यांना हे सांगून पटत नाही, असा आमचा अनुभव आहे.

यातलं काही साबणाने निघतं. जे रंगात रुतून किंवा घट्ट चिकटून बसलं आहे ते निघत नाही, आणि क्ले बार कामाला येते ती त्याच्यासाठी.

ही माती कोणती?

आधी एक गैरसमज. क्ले म्हणजे माती, हा शब्दार्थ धरून मुलतानी माती किंवा शाडू गाडीला लावू नये. क्ले बार ही शेतातली माती नव्हे. ती चिकट, लवचीक, कृत्रिम पदार्थाची असते आणि त्यात अत्यंत बारीक घासणारे कण मिसळलेले असतात. ही कल्पना जपानची. तिथल्या तादाओ कोदाते यांच्या नावावर १९९५ मध्ये अमेरिकेत या वडीचं पेटंट नोंदवलं गेलं, आणि पेटंटात तिला दिलेल्या नावाचा अर्थ होतो ‘लवचीक घासणी दगड’. हे नाव ध्यानात ठेवलं तर निम्म्या चुका टळतात. क्ले मऊ लागते, पण ती घासणीच आहे.

तिचं काम असं चालतं. रंगाचा पृष्ठभाग निसरडा केला आणि त्यावरून क्ले सरकवली, तर सपाट भागावरून ती घसरून पुढे जाते. जिथे कण वर आलेला असतो तिथे ती अडते, त्याला पकडते, कापते आणि स्वतःत ओढून घेते. म्हणून पहिल्या दोन-चार फेऱ्यांत खरखर ऐकू येते आणि मग हळूहळू आवाज बंद होतो. निसरडं करणारं द्रव नसेल तर ती सपाट रंगालाही पकडते, आणि मग धुरकट रेघा उठतात. वर उल्लेख केलेल्या भगिनींच्या भावाचं हेच झालं असावं.

रेघ म्हटलं की किती खोल, हा प्रश्न येतो. आजकालच्या गाड्यांना पत्र्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. सगळे मिळून कंपनीच्या रंगाची जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरते, आणि त्यात क्लिअर कोट ४० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला तर हे कवच अर्ध्या केसाएवढं म्हणायचं. गाडीची चमक यातच असते आणि उन्हापासून रंगाचं रक्षणही तेच करतं. रेघा घालवायला पॉलिश मशीन फिरवलं की त्यातलेच काही मायक्रॉन जातात, आणि ते परत येत नाहीत. दर वर्षी चुकीची क्ले आणि दर वर्षी पॉलिश असं चाललं तर पाच-सात वर्षांत टपावर आणि बॉनेटवर पांढरट सालं निघायला लागतील.

गुरुजींची गाडी

चाचांनी क्लेला हात लावला तो सर्वांत शेवटी, दीड तासाने. त्याआधीचा दीड तासच महत्त्वाचा होता.

गाडी शेडमध्ये घेतली आणि बॉनेट हाताला गार लागेपर्यंत नुसती उभी ठेवली. मग आधी साध्या पाण्याने धूळ खाली उतरवली. दोन बादल्या घेतल्या, एकीत गाडीच्या शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं पाणी. फडकं शाम्पूत बुडवायचं, एक भाग धुवायचा, मग ते साध्या पाण्यात खळखळून परत शाम्पूत. टपापासून सुरुवात, दारांच्या खालच्या कडा शेवटी. कपड्यांची पावडर नाही, भांड्यांचा साबण नाही. पूर्ण गाडीला चार बादल्या पुरल्या. मे महिन्यात कोकणातल्या कितीतरी वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, आणि तिथेच कुणी अर्धा तास पाइप सोडून गाडी धुताना दिसतो. वाहत्या नदीकाठी बसून वुजू करतानाही पाण्याचा इस्राफ नको, ही शिकवण ज्यांना तोंडपाठ आहे, तेही त्यात असतात.

धुऊन, पुसून झाल्यावर चाचांनी किराणा मालाची पातळ प्लास्टिकची पिशवी हातात मोज्यासारखी चढवली आणि बोटांची टोकं रंगावरून हलकेच फिरवली. आम्हालाही करायला सांगितलं. उघड्या हाताला जे गुळगुळीत लागत होतं ते पिशवीतून वाळूच्या कागदासारखं लागलं. ही परीक्षा प्रत्येकाने घरी करावी. पिशवीतूनही रंग काचेसारखा लागला तर क्लेची गरजच नाही, ती परत डबीत ठेवा. टप गुळगुळीत आणि दारं खरखरीत असं असेल तर दारांपुरतीच वापरा. गरज नसताना घासणं म्हणजे कवच उगाच झिजवणं.

मग डांबर. दारांच्या कडांवरचे काळे शिंतोडे त्यांनी डांबर विरघळवणारं द्रव लावून, मिनिटभर थांबून कापडाने टिपून घेतले. “डांबर क्लेने काढायला गेलो तर क्लेच बाद होते, आणि तेच डांबर आपण सगळ्या गाडीला फासतो.” इथे पेट्रोल वापरणाऱ्यांना एकच सांगणं : घरात मुलं असतात, शेजारी चूल असते, पेट्रोलचा बोळा अंगणात ठेवू नका.

त्यानंतर आला लोखंडावरचा खास उतारा. ‘आयर्न रिमूव्हर’ नावाचं हे द्रव फवारलं आणि दोन मिनिटांत पांढऱ्या दारावरून जांभळे ओघळ वाहू लागले. गुरुजी घाबरले. “चाचा, रंग उतरला!” उतरत होतं ते लोखंड. या द्रवातलं रसायन लोखंडाशी संयोग पावलं की जांभळं होतं. वास मात्र नासक्या अंड्यासारखा येतो. हातमोजे घालावेत, मुलांना लांब ठेवावं, ते रंगावर वाळू देऊ नये, आणि तीन-चार मिनिटांत भरपूर पाण्याने धुऊन टाकावं. हे पाणी विहिरीच्या बाजूला वाहणार नाही एवढं आधी बघावं. गुरुजींच्या गाडीवर हा फवारा दोनदा मारला आणि दहातले आठ ठिपके क्लेशिवायच गेले. घासण्याचं काम रसायनाने जेवढं हलकं होईल तेवढं रंगाच्या फायद्याचं, हे चाचांचं म्हणणं आम्हाला पटलं. बाजारात क्लेच्या डबीची जाहिरात जास्त असते, या द्रवाची कमी. खर्च एकाच वस्तूवर करायचा असेल आणि गाडी पांढरी असेल तर आम्ही आधी हे द्रव घेऊ.

उरलेल्या ठिपक्यांसाठी डबी उघडली. शंभर ग्रॅमची वडी होती, तिचे त्यांनी चार तुकडे केले आणि एकच हातात घेतला. का ते थोड्याच वेळात कळलं. तुकडा कोमट पाण्यात बुडवून कणीक मळावी तसा मळला, आणि तीन बोटांखाली मावेल अशी चपटी टिकली केली. बॉनेटचा साधारण दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग निवडला. त्यावर क्लेसोबत आलेलं निसरडं द्रव सढळ हाताने फवारलं, क्लेवरही फवारलं. ते संपलं तर गाडीचा शाम्पू पाण्यात पातळ करून चालतो, पण क्लेच्या डबीवर काय लिहिलंय ते वाचून. काही साबणांनी क्ले विरघळून चिकट होते आणि मग तीच रंगावर बसते.

आता हात. चाचांनी क्ले सरळ रेषेत, पुढे-मागे सरकवली, गोल गोल नाही. रेघ पडलीच तर सरळ रेघ कमी दिसते आणि काढायला सोपी जाते. जोर शून्य. त्यांच्या हाताखालच्या मुलाने पुढचा भाग करायला घेतला तेव्हा त्याच्या नखांची टोकं पांढरी पडलेली चाचांना लांबून दिसली.

“अरे, भाकरी थापतोयस का? सोड जोर.”

“उस्ताद, निघत नाहीये.”

“निघत नाही तर पाणी मार, परत फिरव. चार वेळा फिरव. पाचव्यांदाही नाही निघालं तर मला सांग. दाबायचं नाही.”

क्ले अडकते, चिकटते असं वाटलं की थांबायचं आणि आणखी द्रव फवारायचं. आवाज बंद झाला, हात काचेवरून गेल्यासारखा जाऊ लागला की तो भाग संपला. मायक्रोफायबरच्या स्वच्छ कापडाने पुसायचं, पिशवीची परीक्षा परत घ्यायची आणि पुढच्या भागाकडे वळायचं. एका भागानंतर टिकलीकडे बघायचं. ती तपकिरी, काळपट झालेली असते. घाण आत दुमडून, परत मळून नवी बाजू वर आणायची. दुमडून दुमडून सगळीच मळकट झाली की फेकायची.

दुसऱ्या दारावर असताना मुलाच्या हातून टिकली निसटली आणि जमिनीवर पडली. त्याने उचलून पँटला पुसली. चाचांनी काही न बोलता ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि कचऱ्यात टाकली. जमिनीवर पडलेल्या क्लेला वाळूचे दाणे चिकटतात. ते धुऊन निघत नाहीत, आत रुततात आणि पुढचा प्रत्येक फटका रंगावर ओरखडा काढतो. म्हणून चार तुकडे. पडला तर पाव वडी गेली, पूर्ण नाही. आखातात वाळूच्या वादळानंतर न धुता क्ले फिरवलेल्या गाड्या त्यांनी पाहिल्या होत्या. बोटांचा माग सुद्धा रंगात कोरलेला दिसायचा, म्हणाले.

आजकाल क्लेचा थर दिलेले हातमोजे आणि कापडंही मिळतात. ती पडली तर धुता येतात, मोठ्या गाडीवर काम झटपट होतं. पण वडीवर घाण दिसते आणि बोटांना अडथळा कळतो, तसा मोज्यातून तेवढा कळत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने वडीच घ्यावी, आणि ती ‘फाइन’ म्हणजे मऊ प्रतीची. मध्यम आणि कडक प्रती रंगकाम करणाऱ्यांसाठी आहेत. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात, त्यामुळे निळी म्हणजे मऊ आणि लाल म्हणजे कडक असा हिशेब सगळीकडे चालत नाही. डबीवर वाचावं.

एक दार तसंच ठेवलं

गुरुजींच्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराला चाचांनी क्ले लावलीच नाही. त्यांनी त्यावर बोटाने टकटक केलं, कडेचं रबर थोडं उचलून पाहिलं आणि विचारलं, “हे कधी रंगवलंत?” गुरुजी म्हणाले, पंधरा दिवस झाले. रिक्षा घासली होती, पोचा आला होता, लांबी भरून रंग मारला. नव्याने दिलेला रंग आतून पूर्ण सुकायला आठवडे लागतात, त्यावर क्ले किंवा मेण लावू नये. किती थांबायचं ते ज्याने रंग दिला त्यालाच विचारावं, निदान महिनाभर तरी हात लावू नये. मॅट म्हणजे बिनचमकेच्या रंगावर क्ले कधीच नाही, तिथे चमकदार डाग पडतात आणि ते जात नाहीत. सिरॅमिक कोटिंग किंवा पारदर्शक फिल्म लावलेली असेल तर ज्याच्याकडून लावली त्याला विचारल्याशिवाय नाही.

त्या दारावरून पुढचं बोलणं निघालं. गाडी चमकायला लागली होती. गुरुजींचा भाचा सोबत होता, तो हसून म्हणाला, मामू, आता गिऱ्हाइकाला दार कळणारच नाही. चाचांनी पुसता पुसता मान वर केली. “गुरुजी, ठिपके गंज नव्हते हे त्याला जरूर सांगा, मी सांगायला येतो. पण दाराचंही सांगा. मालातला ऐब झाकून विकला तर मुलीच्या फीमध्ये तेच पैसे जाणार.” गुरुजी म्हणाले, मी सांगणारच होतो. भाचा गप्प झाला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक तिथेच आलं. चाचांनी त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी दिली, उजवी बाजू तपासायला लावली, मग डावं दार दाखवलं. सौदा कितीला झाला ते आम्ही विचारलं नाही. गुरुजींचा चेहरा आदल्या दिवसापेक्षा बरा होता.

या धंद्यात आता आपली बरीच मुलं उतरत आहेत. प्रेशर मशीन, व्हॅक्युम आणि एक शेड एवढ्यावर वॉशिंग सेंटर सुरू होतं, कर्ज काढून दोन-तीन मित्र मिळून करतात. हलाल रोजी आहे, मेहनतीची आहे. पण पाण्याने धुण्यात पैसे कमी मिळतात म्हणून लगेच क्ले, पॉलिश, कोटिंगचे दर लावले जातात आणि हात बसलेला नसतो. दुसऱ्याची गाडी अमानत असते. चाचांची पद्धत अशी की शिकाऊ मुलाने आधी तीन महिने भंगारातून आणलेल्या बॉनेटवर हात बसवायचा. गिऱ्हाइकाच्या गाडीवर तो आधी फक्त काचांवर क्ले फिरवतो, कारण काच कडक, चूक झाली तरी निभावते. मग टप, आणि काळी गाडी सर्वांत शेवटी. वॉशिंग सेंटर काढणाऱ्या मुलांनी हा क्रम उचलावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

गिऱ्हाइकानेही काय मागायचं ते नीट जाणावं. क्लेने ओरखडे जात नाहीत. उन्हात दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल वर्तुळं जात नाहीत, ती पॉलिशची कामं. कबुतराच्या विष्ठेने रंग खाल्ला असेल तर तो खड्डा क्लेने भरत नाही. विष्ठा दिसताच ओलं फडकं त्यावर पाच मिनिटं ठेवून उचलावी, घासू नये. बोअरच्या पाण्याचे पांढरे डागही बहुधा तसेच राहतात. कुणी या सगळ्यासाठी ‘क्ले ट्रीटमेंट’ म्हणून पैसे मागत असेल तर आधी एका कोपऱ्यात करून दाखवायला सांगा.

क्लेनंतर रंग उघडा पडतो, हे मात्र पुष्कळजण विसरतात. कणांबरोबर आधीचं मेणही निघून गेलेलं असतं. तसाच सोडला तर पुढच्या घाटात नवे कण थेट क्लिअर कोटवर बसतात. म्हणून त्याच दिवशी मेण किंवा सीलंट लावायचं. पातळ थर, सावलीत, वाळला की मऊ कापडाने पुसून काढायचा. हे काम मुलं-मुली सगळे मिळून करू शकतात आणि त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. दहा वर्षांच्या मुलीने आपल्या अब्बांच्या गाडीची डिकी मेण लावून पुसताना आम्ही तिथेच पाहिली. तिला तिच्या थोरल्या भावापेक्षा जास्त धीर होता.

वर्षातून एकदा, फार तर दोनदा पुरतं. कोकणात पावसाळ्याआधी मेण आणि दिवाळीच्या सुमारास पिशवीची परीक्षा असा बेत ठेवता येईल. घरी करायला सुट्टीची अख्खी सकाळ धरा. फजरनंतर लगेच घेतलं तर पत्रा गार असतो आणि ऊन चढायच्या आत टप, बॉनेट होऊन जातात. एका दिवसात सगळी गाडी संपवायची सक्ती नाही, आज अर्धी आणि उद्या अर्धी केली तरी चालतं. उरलेली क्ले थोडं द्रव मारून झाकणबंद डबीत, घरातल्या गार जागी ठेवावी. डिकीत ठेवली तर मेच्या उन्हात ती वितळून डबीला चिकटते. रंगासाठी मळकट झालेला तुकडा चाकांच्या आतल्या बाजूला वापरता येतो. तिथे ब्रेकची धूळ सर्वांत जास्त असते. पण चाकाला लागलेला तुकडा परत रंगावर नेऊ नका, त्यासाठी वेगळी डबी करा आणि तिच्यावर खडूने मोठं ‘चाक’ असं लिहून ठेवा.